पाच मिलिसेकंदांची चढण

हॅम रेडिओवर कुणाशी गाठ पडली की आधी रिपोर्ट द्यायचा, हा जुना शिरस्ता. मोर्समध्ये त्या रिपोर्टचे तीन आकडे असतात: अक्षरं किती स्पष्ट कळतात, सिग्नल किती जोरात येतोय आणि सूर किती शुद्ध आहे. पाच-नऊ-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. आमच्या तरुणपणी मात्र त्या आकड्यांच्या मागे कधी कधी एखादं अक्षर यायचं. 'सी' आलं तर समजायचं, मोर्सची की दाबताना आपली फ्रिक्वेन्सी घसरतेय, चर्प आहे. 'के' आलं तर छातीत धस्स व्हायचं. 'के' म्हणजे की-क्लिक. आपण जिथे आहोत तिथून चार-पाच किलोसायकल लांब बसलेल्या माणसाच्या कानातही आपली टकटक जातेय, असा त्याचा अर्थ. हर्ट्झ तेव्हा आमच्यात कुणी म्हणायचं नाही, सगळे किलोसायकलच म्हणत.

ते अक्षर पाठवणारा माणूस कोण असेल, कुठल्या गावचा असेल, सांगता यायचं नाही. पण त्यानं आपला सिग्नल नीट कान देऊन ऐकलेला असायचा आणि जे ऐकलं ते न लपवता सांगितलेलं असायचं. त्या एका अक्षरावर मी आणि माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांनी ट्रान्समीटर उघडले, पुन्हा जोडले, पुन्हा हवेत जाऊन विचारलं, "आता कसा आहे?"

आज माझ्या टेबलावर खिशात मावेल असा सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ आहे. त्यात गँग कंडेन्सर नाही, कॉइल बदलायची नाही, चॅसी तापत नाही. तरीही क्लिक आहेच. पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवायला सुरुवात झाली की एक काटा, पाकीट संपलं की दुसरा. नव्या मुलांना तो पडद्यावर दिसतो आणि ते चक्रावतात, कारण त्यांच्या प्रोग्राममध्ये तर सगळं बरोबर असतं.

क्लिक होतो कशामुळे, याचं उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आताही तेच आहे. कॅरिअर, म्हणजे मूळ रेडिओ तरंग, शून्यातून एकदम पूर्ण ताकदीवर गेला किंवा पूर्ण ताकदीवरून एकदम तुटला की त्या उभ्या कडेतून ऊर्जा आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर सांडते. वाड्यातला एक नळ कुणी झटक्यात बंद केला की साऱ्या वाड्याच्या पाइपात धडका बसतो, तसंच हे. उभ्या कडेचा पसारा फार सावकाश ओसरतो: मूळ फ्रिक्वेन्सीपासूनचं अंतर दुप्पट करावं तेव्हा कुठे तो सहा डेसिबलनं उतरतो. म्हणून चढण गोलाईदार हवी, उतरणही तशीच हवी. मोर्ससाठी साधारण पाच मिलिसेकंदांची चढण पुरते. मिनिटाला वीस शब्दांच्या वेगात एक डॉट साठ मिलिसेकंदांचा असतो, त्यातले पाच कडेला दिले तर अक्षराचा टोकदारपणा जात नाही आणि शेजाऱ्याला त्रासही होत नाही.

ही पाच मिलिसेकंदं त्या काळी हातानं घडवावी लागत. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि लष्करी भंगार हवं असेल तर चोर बाजार, हे आमचे भांडार. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यात बहुतेकांकडे ८०७ नावाचा व्हॉल्व्ह असायचा, डोक्यावर टोपी असलेला. की त्याच्या कॅथोडमध्ये जोडायची पद्धत सोपी होती, पण उघड्या कीवर भलतं व्होल्टेज येई, त्यामुळे बोटं जपावी लागत. त्या कीच्या मालिकेत एक लोखंडी गाभ्याचा चोक घालायचा, म्हणजे करंट सावकाश चढतो. कीच्या दोन टोकांवर एक कंडेन्सर आणि त्याच्या जोडीला छोटा रेझिस्टन्स लावायचा, म्हणजे की सोडताना करंट सावकाश उतरतो. चोक सुरुवात सांभाळतो, कंडेन्सर शेवट सांभाळतो. दोन्ही जास्त झाले तर अक्षरं लिबलिबीत होतात, डॉट एकमेकांना चिकटतात. किंमत शोधून काढायची ती एकेक कंडेन्सर बदलत, डाक देत आणि उकलत.

निदानाला मात्र माणूस लागायचा. स्वतःचा सिग्नल घरच्या रिसीव्हरवर ऐकून चालत नसे, कारण हाताच्या अंतरावरचा ट्रान्समीटर रिसीव्हरला इतका दडपून टाकतो की तो नसलेले क्लिकही ऐकवतो. पेठेतले एक ज्येष्ठ हॅम आम्हाला हे पहिल्या दिवसापासून बजावत. ते दोन-तीन मैलांवरून ऐकायचे, डायल सावकाश बाजूला नेत नेत, आणि मग सांगायचे, "अरे, तुझ्या डॅशची सुरुवात टोचतेय. शेवट बरा आहे. चोक वाढव, कंडेन्सरला हात लावू नकोस." नुसत्या कानानं त्यांना सुरुवातीचा क्लिक आणि शेवटचा क्लिक वेगळा कळायचा. सुरुवातीचा टणक, शेवटचा कोरडा. तरंगाचा आकार दाखवणारा सीआरओ तेव्हा एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतच असायचा आणि तो मिळवायला ओळख लागे. अखेर तो मिळाला आणि पडद्यावर डॅशचा आकार पाहिला, तेव्हा सुरुवातीची कड खरोखरच भिंतीसारखी उभी होती आणि शेवट गोल होता. त्यांच्या कानानं सांगितलेलं पडद्यानं जसंच्या तसं दाखवलं. त्या दिवसापासून मला कानाबद्दल जो आदर वाटू लागला तो आजही टिकून आहे.

दुसरा परीक्षक म्हणजे शेजार. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे आणि त्या तासात आमच्यापैकी शहाणा माणूस कीला हात लावत नसे. सारी आळी तेव्हा रेडिओला कान लावून बसलेली असायची. क्लिक असलेल्या ट्रान्समीटरची टकटक अमीन सायानींच्या आवाजावर उमटली तर दुसऱ्या दिवशी जिन्यात जाब विचारला जाई. पुढे टीव्ही आला आणि ती जबाबदारी वाढली, कारण पंधरा मीटर बँडचा तिसरा हार्मोनिक नेमका टीव्हीच्या खालच्या बँडमध्ये जाऊन पडतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर जाळी दिसली की आम्ही स्वतःहून त्यांच्या घरी जात असू, चित्र पाहत असू, फिल्टर बसवून परत विचारायला जात असू. परवान्याच्या परीक्षेत मोर्स होतं, नियम होते, पण शेजारधर्माचा हा धडा आळीतच मिळायचा.

आता आजच्या रेडिओकडे येऊ. सॉफ्टवेअर रेडिओ हे नाव जोसेफ मिटोला यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी रूढ केलं. २००१मध्ये जीएनयू रेडिओचं काम सुरू झालं, २०१२मध्ये टीव्हीचे स्वस्त डोंगल रिसीव्हर म्हणून वापरता येतात हे लोकांना कळलं आणि मग हॅकआरएफ, प्लूटो, लाइमएसडीआर अशी पाठवूही शकणारी यंत्रं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्याकडे हातबांधणी आणि सॉफ्टवेअर या दोन जगांना जोडणारं काम हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी केलं. २००३च्या सुमाराचा त्यांचा बिटएक्स ट्रान्सीव्हर बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून हातानं बांधता येई. त्यांचाच अलीकडचा एसबिटएक्स रास्पबेरी पायवर चालणारा सॉफ्टवेअर रेडिओ आहे. दोन्हींची आखणी सर्वांना खुली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मी अधूनमधून एका अभियांत्रिकी कॉलेजच्या मुलांबरोबर बसतो. ती मला काका म्हणतात आणि मीही त्यांच्याकडून पुष्कळ शिकतो. गेल्या पावसाळ्यात त्यांचा एक प्रयोग अडला होता. सत्तर सेंटिमीटर बँडवर छोटी पाकिटं पाठवायची होती आणि प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही टोकांना काटे येत होते. वॉटरफॉलवर, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या सरकत्या चित्रावर, तो काटा आडव्या रेघेसारखा दिसतो, पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. माझ्या पिढीनं जो ऐकला तो क्लिक त्या मुलांना चित्रात दिसत होता. खरं सांगतो, ते पाहून मी हरखलो. एका नजरेत कळतं की पसारा किती रुंद आहे, किती वेळ टिकला, दर वेळी येतो की अधूनमधून.

पहिला प्रश्न जुनाच होता: हा काटा खरोखर हवेत जातोय की पाहणारा रिसीव्हर दडपल्यामुळे दिसतोय? आमच्या ज्येष्ठांनी दोन मैलांवर बसून जे केलं ते आता टेबलावर करता येतं. अँटेना काढली, जागी सिग्नल हवेत न सोडता जिरवणारा पन्नास ओहमचा डमी लोड लावला आणि थोडासा सिग्नल काढून मधे दहा डेसिबलचा अटेन्युएटर घातला. मूळ सिग्नल दहानं उतरला आणि काटाही दहानंच उतरला, तर काटा खरा. तो तीस डेसिबलनं कोसळला किंवा नाहीसाच झाला, तर तो रिसीव्हरच्या पोटातला. इथे काटा दहानंच उतरला, म्हणजे दोष पाठवणाऱ्या बाजूला होता.

मग मी त्यांना म्हटलं, "आता सिग्नल पाठवूच नका. नुसती शून्यं पाठवा." मुलं थोडी गोंधळली. पण या एका युक्तीनं अर्धं काम होतं. सगळी सॅम्पल शून्य असताना जो काटा राहतो तो तुमच्या प्रोग्रामचा नाही, तो हार्डवेअरचा. जो गेला तो तुमच्या तरंगाच्या आकाराचा. त्यांचा मोठा काटा गेला, छोटा राहिला. दोन वेगळे आजार एकाच लक्षणाखाली लपले होते.

मोठ्या काट्याचं कारण फाइलमध्येच सापडलं. पाकिटाचं पहिलं सॅम्पल थेट पूर्ण उंचीचं होतं, शेवटचंही तसंच. चढण नव्हतीच. सेकंदाला दहा लाख सॅम्पल असतील तर पाच मिलिसेकंदांची चढण म्हणजे पाच हजार सॅम्पल. आम्ही चोक आणि कंडेन्सर घेऊन जी गोलाई घडवली ती इथे एका ओळीत येते, हवी तशी: रेझ्ड कोसाइन घ्या, ब्लॅकमन-हॅरिस घ्या. त्यांच्या डेटाचा वेग मोर्सहून पुष्कळ जास्त होता, तेव्हा पाच मिलिसेकंदं देणं परवडणारं नव्हतं. त्यांनी वेगाच्या मानानं छोटी चढण घेतली. सुरुवातीचा काटा विरघळला. शेवटचा मात्र ढिम्म हलेना.

शेवटच्या काट्यात एक बारकावा आहे, तो थोडा सविस्तर सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात. रेडिओच्या आत सॅम्पलचा वेग वाढवणारे फिल्टर असतात आणि फिल्टरला स्वतःचा विलंब असतो. तुम्ही शेवटचं सॅम्पल दिलं तेव्हा ते अजून फिल्टरच्या वाटेत असतं. त्याच क्षणी पाठवणं बंद केलं तर शेपूट तुटते आणि घडवलेली उतरण तुटक कड होऊन बाहेर पडते. काही यंत्रं तर शेवटची किंमतच धरून ठेवतात, म्हणजे सिग्नल नसतानाही तारेवर काहीतरी उरतं. उपाय साधा आहे: पाकिटाच्या मागे पुरेशी शून्यं जोडायची आणि त्यानंतरच पाकीट संपल्याची खूण करायची. मुलांनी शून्यं जोडली आणि शेवटची रेघ पुसली गेली.

उरलेला छोटा काटा हार्डवेअरचा होता. ट्रान्समीट चालू होताच लोकल ऑसिलेटरची थोडी गळती बाहेर येते, अॅम्प्लिफायरचा बायस चढताना एक झटका देतो, रिले बदलताना आणखी एक. काही ट्रान्सीव्हर चिपा सुरू होताना किंवा फ्रिक्वेन्सी लांब बदलताना स्वतःचं कॅलिब्रेशन करून घेतात आणि त्या वेळी आउटपुटवरही सिग्नल दिसू शकतो. यावर इलाज आहे तो क्रमाचा. आधी रिले बसू द्यायचा, मग बायस स्थिरावू द्यायचा, मग सिग्नल. थांबताना बरोबर उलट. ट्यूनिंग आणि कॅलिब्रेशन अॅम्प्लिफायर बंद असतानाच उरकून घ्यायचं. हा क्रम लावताना मला आमचा चेंजओव्हर रिले आठवला, ज्याच्या कॉइलवर मोठा कंडेन्सर लावून आम्ही त्याला जरा उशिरा सोडायला लावायचो. क्रम तोच होता, फक्त तेव्हा तो मिलिमीटरभर उघडणाऱ्या पत्र्यात होता आणि आता तो प्रोग्रामच्या ओळींत आहे.

एका प्रकारच्या दोषात मात्र जुना अनुभव अपुरा पडतो. पाकिटाच्या मधेच, वेळकाळ न पाहता काटा येतो. आमच्याकडे असं झालं तर कोरडा डाक समजायचा आणि लाकडी पेन्सिलीनं चॅसीवर हलके हलके ठोकत तो जॉइंट शोधायचा. सॉफ्टवेअर रेडिओत ठोकायला काही नसतं. तिथे संगणक वेळेवर सॅम्पल पुरवू शकलेला नसतो. यूएसआरपी नावाच्या सॉफ्टवेअर रेडिओवर काम करणाऱ्यांना अशा वेळी पडद्यावर 'यू' अक्षरं उमटताना दिसतात. प्रत्येक 'यू' म्हणजे एक खंड, आणि प्रत्येक खंड म्हणजे दोन तुटक कडा. सॅम्पलचा वेग कमी करा, यूएसबीचा हब काढून थेट जोडा, संगणकाची वीजबचत बंद करा, नको ते प्रोग्राम मिटा आणि काटे जातात का ते पाहा. मुलं हे माझ्याहून कितीतरी झरझर करतात. त्यांना शिकवण्यासारखं इथे माझ्याजवळ काही नव्हतं, मी फक्त पाहत राहिलो.

तर, कुठला काळ चांगला? साधनांच्या बाबतीत मला किंचितही शंका नाही. आजचा. ज्या निदानाला आमचे आठवडे जात, ते एका दुपारी झालं. दोष फाइलमध्ये साठवून ठेवता येतो, पुन्हा पुन्हा मोठा करून पाहता येतो, दुसऱ्याला पाठवता येतो. आमचा क्लिक ऐकणाऱ्याच्या कानात विरून जायचा. हाय व्होल्टेजला हात लागण्याचं भय नाही, हाही लहान फायदा नव्हे.

पण समोरचा माणूस गेला, याची हळहळ मला वाटते, आणि ती नुसत्या वयाची नाही. आज स्पर्धेत कुणीही कुणालाही पाच-नऊ-नऊ देतो, सिग्नल कसाही असो. २०१७मध्ये आलेल्या एफटी८ या पद्धतीनं तर क्षीणातल्या क्षीण सिग्नलवर जगभर संपर्क शक्य केला, तिचं मला अपार कौतुक आहे. मात्र तिथला रिपोर्ट म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या मानानं किती डेसिबल, एवढंच. उणे बारा, उणे अठरा. सूर कसा आहे, क्लिक आहे का, पसारा किती आहे, हे सांगायला त्या रिपोर्टमध्ये जागाच ठेवलेली नाही. दोष हजारो पडद्यांवर दिसतो आणि ज्याचा दोष आहे त्याला कुणी कळवत नाही. जो कळवत नाही त्याला वाटतं, आपल्याला काय त्याचं.

काय त्याचं, याचं उत्तर नारायणगावजवळ खोडदला मिळतं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना तिथे अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ तरंग ऐकत असतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांसारखे क्षणभराचे झटके त्या निरीक्षणांत घुसतात आणि ते तिथल्या तिथे ओळखून बाजूला काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी खास यंत्रणा उभी केली आहे. एकाचा झटका दुसऱ्याची माहिती खातो. भूजच्या २००१च्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली, तेव्हाही क्षीण स्टेशनांचं ऐकू येणं महत्त्वाचं होतं. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर पसरलेला सिग्नल अशा वेळी कुणाचा तरी निरोप बुडवू शकतो. जिन्यात जाब विचारणारे शेजारी आता राहिले नाहीत, पण शेजार राहिला आहे. फक्त तो दिसत नाही इतकंच.

म्हणून हवेत असणाऱ्या सगळ्यांना, विशेषतः नव्या मुलामुलींना, माझी विनंती आहे. आपलं पाकीट अँटेनावर सोडण्याआधी ते डमी लोडवर पाहा, दोन्ही टोकं मोठी करून पाहा. आणि दुसऱ्या कुणाचा सिग्नल वॉटरफॉलवर पसरलेला दिसला, तर आधी आपल्या रिसीव्हरला अटेन्युएटर लावून खात्री करा आणि मग त्याला कळवा: वेळ, फ्रिक्वेन्सी, पसारा किती किलोहर्ट्झचा, टोक सुरुवातीचं की शेवटचं. चित्र जोडता आलं तर उत्तमच. मोर्सवर असाल तर आकड्यांच्या मागे 'के' लिहायला संकोच करू नका. ज्याला ते अक्षर मिळेल तो ट्रान्समीटर नीट करेल आणि पुन्हा तुम्हालाच येऊन विचारेल, आता कसा आहे म्हणून. तेव्हा त्याला खरं सांगा.